त्या रकान्यातलं ‘नाही’ माझं होतं

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषय त्यांनीच ठरवून पाठवला: ‘अपेक्षांच्या पलीकडे झेपावलेल्या आमच्या कन्या’. मी नाशिकच्या त्या कॉलेजात एकोणतीस वर्षं क्रीडा संचालक होतो. मुलींचा बास्केटबॉल संघ कोणाच्या ध्यानीमनी नसताना आंतरविभागीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला, ते माझं नोकरीतलं शेवटचं वर्ष. म्हणून आठवणी माझ्याकडे मागितल्या. फोन करणारे प्राध्यापक अदबीनं म्हणाले, “सर, पाचशे शब्द पुरे. गोड गोड लिहा. शेवटचं ते प्रकरण तेवढं नको.”

मी लिहिलं. पाचशे शब्द भरतील एवढा गोडवा त्यात नक्की आहे. मग चष्मा पुसून वाचलं आणि फाडून टाकलं. हे दुसरं लिहितो आहे. हे स्मरणिकेत छापणार नाहीत, हे मला माहीत आहे, म्हणून इथे देतो.

अपेक्षांच्या पलीकडे, असं म्हणायचं तर अपेक्षा कोणाच्या आणि किती, हे आधी सांगायला हवं. त्या माझ्या होत्या. आणि एवढ्याच होत्या, की मुलींनी पहिला सामना लवकर हरावा आणि आम्ही जेवायला घरी परतावं.

त्या वर्षी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. समितीच्या फॉर्मात एक प्रश्न होता: विद्यार्थिनींचा सांघिक खेळांतला सहभाग. आमचा सहभाग रांगोळी स्पर्धेपुरता होता. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सर, मुलींचा एखादा संघ दाखवता येईल का?”

“दाखवता येईल. खेळवता येईल की नाही, सांगता येत नाही.”

“खेळवायला कोण सांगतंय? फोटो हवा.”

आम्ही दोघंही हसलो. तो विनोद आम्हाला फार आवडला होता, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मग मी शाळेत खो-खो खेळलेल्या चार, कबड्डी खेळलेल्या तीन आणि ‘सर, मला उंचीमुळे घेतलं का?’ असं विचारणाऱ्या दोन-तीन मुली गोळा केल्या. बास्केटबॉलचं कोर्ट आमच्याकडे होतं. सिमेंटचं, मधोमध तडा गेलेलं. त्यावर प्राध्यापकांच्या गाड्या लागायच्या. मुली रोज संध्याकाळी आधी स्कूटर ढकलायच्या आणि मग सराव करायच्या. कपडे म्हणून मी त्यांना मुलांच्या संघाच्या मागच्या वर्षीच्या जर्सी दिल्या. मुलांना दरवर्षी नव्या मिळत. मुलांचा संघ आमची शान होता. ती शान दरवर्षी दुसऱ्या फेरीत हरायची, पण नव्या जर्सीत हरायची.

नावं घेणार नाही. त्या काळीही आम्ही मुलींना गावावरूनच हाक मारायचो. कॅप्टन सटाण्याची. कांदेवाल्याची मुलगी, बुटकी, चेंडूपेक्षा तोंड जोरात चालणारी, ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हणणारी. आणि जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं ती पेठकडची. पावणेसहा फूट उंच, अंगानं काटकुळी, बोलायला सांगितलं तरच बोलणारी. बारावीनंतर दोन वर्षं तिचं शिक्षण थांबलं होतं. घरच्यांबरोबर ती निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जायची. मग कोणा शिक्षकानं पुन्हा कॉलेजात घातली. वय इतरांपेक्षा थोडं जास्त, आणि कोर्टवर डोकं बरंच जास्त.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या धंद्यातली एक पद्धत होती. पद्धत म्हणजे वाईट सवय, पण सगळेच करायचे, म्हणून पद्धत. स्पर्धेआधी प्रत्येक खेळाडूचा पात्रता फॉर्म विद्यापीठाकडे पाठवावा लागतो. मुलं तो भरताना शंभर चुका करतात, खाडाखोड करतात, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकतात. म्हणून आम्ही काय करायचो, जुलैतच सगळ्यांच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायचो. नंतर सवडीनं स्वतः भरायचो. मी तर ‘सही ठोका आणि पळा’ असं म्हणायचो. मुलं ठोकायची आणि पळायची.

पेठकडची सही करून पळाली नाही. टेबलाशी उभी राहिली.

“सर, मधी दोन वरसं मी शिकले नाय. ते लिहाया लागंल ना?”

“लागेल. गॅपचं प्रतिज्ञापत्र आण.”

ती आणेल असं मला वाटलं नव्हतं. पेठच्या तहसीलला दोन चकरा मारून तिनं ते चार दिवसांत आणलं. स्टँपपेपर, शिक्का, सगळं रीतसर. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं.

शिक्षणात खंड असला तरी खेळता येत होतं. फक्त तो फॉर्मात लिहायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि विद्यापीठातून एक वेगळी मंजुरी आणायची. म्हणजे माझी पुण्याला एक जास्तीची फेरी. फॉर्म भरायला बसलो तेव्हा ‘शिक्षणातील खंड’ हा रकाना आला. मी पेन थांबवलं, हे मला स्वच्छ आठवतं. विस्मरण वगैरे काही नव्हतं. मनात म्हटलं, एका सामन्यासाठी कोण पुण्याला जातो? पहिल्या फेरीत हरणाऱ्या संघाचे कागद कोण बघतो? आणि लिहिलं, ‘नाही’. खाली तिची सही आधीपासून होतीच.

ऑक्टोबरात नाशिक विभागाची स्पर्धा निफाडच्या एका कॉलेजात होती. मी मुलींना सांगितलं होतं, जादा कपडे आणू नका, दुपारी परत यायचंय. सामन्याआधी त्यांचा फोटो काढून घेतला. सामन्यानंतर मुली रडतात आणि फोटो खराब येतो, असा माझा अनुभव होता. समितीपुरतं काम झालं होतं. मी मंडपात खुर्ची टाकून पेपर उघडला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये मंडपातले लोक उठून कोर्टच्या कडेला जायला लागले, तेव्हा मी पेपर मिटला. समोरच्या संघाच्या मुलींचे बूट एका रंगाचे होते. आमच्यातल्या दोघी कॅनव्हासच्या बुटात होत्या. पण खो-खोच्या मुलींना दिशा बदलायला शिकवावं लागत नाही आणि कबड्डीच्या मुलींना धक्क्याची भीती वाटत नाही. पेठकडची बोर्डावरून परतलेला प्रत्येक चेंडू झाडावरून चिंच काढावी तसा शांतपणे उतरवून घेत होती. आम्ही बावीस गुणांनी जिंकलो.

कॅप्टन धापा टाकत माझ्यापुढे आली.

“सर, आता?”

“आता काय?”

“दुसरा सामना उद्या सकाळी शे म्हणताहेत. तुम्ही तर जादा कपडे नका आणू म्हणाले होते. आता आम्ही उद्या काय फोटो घालून खेळायचं?”

सगळ्या खो-खो हसल्या. पेठकडचीसुद्धा. मीही हसलो, पण मला ते झोंबलं होतं. तिथल्याच वसतिगृहात राहिल्या, जर्सी धुऊन वाळत घातल्या, आणि सकाळी अर्धवट ओल्या जर्सीत दुसरा सामना जिंकल्या. मग तिसरा. त्याच स्पर्धेत आमच्या मुलांचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्यांना उन्हाचा त्रास झाला असं मी अहवालात लिहिलं. ऊन दोघांना सारखंच होतं.

विभागाचं विजेतेपद घेऊन आल्यावर कॉलेजला आपल्याला मुली आहेत हे कळलं. कोर्टवरच्या गाड्या एका दिवसात हटल्या. फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेच्या अकरा पदाधिकाऱ्यांचे फोटो, मधोमध अध्यक्ष, आणि खाली डाव्या कोपऱ्यात मुलींचा संघ. जागा कमी पडली म्हणून मागच्या रांगेतल्या उंच मुलींची डोकी कापली गेली होती. पेठकडची त्यात फक्त हनुवटीपर्यंत होती. ती फ्लेक्सखाली उभी राहून बघत होती. मी म्हटलं, “नवा लावायला सांगतो.” ती म्हणाली, “राहू द्या सर, जर्सीवरून ओळखतील.”

एक बातमीदार आला. त्यानं लिहिलं की डोंगरदऱ्या तुडवून या आदिवासी कन्येच्या पायांत उडीचं बळ आलं. मी तिला वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, “डोंगरावर उडी मारली तर माणूस खाली जातो, सर. आमच्याकडं कोणी मारत नाय.”

मी मात्र बातमीदाराला माझी मुलाखत दिली. त्यात ‘मला पहिल्या दिवसापासून विश्वास होता’ असं एक वाक्य आहे. कात्रण माझ्याकडे आहे. शिवाय शहरातल्या एका मंडळानं मला आदर्श क्रीडा संचालक हा पुरस्कार जाहीर केला. निवृत्तीच्या समारंभातच तो द्यायचं ठरलं. एकोणतीस वर्षांत मी जे केलं नव्हतं, ते या मुलींनी तीन दिवसांत केलं आणि शाल मला मिळणार होती.

या सगळ्या दिवसांत खणातलं ते प्रतिज्ञापत्र मला रोज आठवत होतं. अजून वेळ होता. पुण्याला जाऊन चूक कबूल करायची, दुरुस्ती करून घ्यायची. फार तर कोणी दोन शब्द बोललं असतं. पण ज्याचा सत्कार ठरलाय त्यानं दोन शब्द ऐकायला कशाला जावं? मी स्वतःला सांगितलं, आतापर्यंत कोणी बघितलं नाही, पुढे कोण बघणार?

आंतरविभागीय स्पर्धा नोव्हेंबरात पुण्याला झाली. यावेळी बॅगा भरभरून नेल्या. दोन दिवसांत तीन सामने जिंकले. अंतिम सामना दुपारी होता. सकाळच्या नाश्त्याला समोरच्या संघातली एक मुलगी पेठकडच्या शेजारी बसली आणि गप्पा सुरू झाल्या. तू एवढी मोठी कशी दिसतेस? ती म्हणाली, बारावीनंतर मी दोन वरसं द्राक्षांच्या कामावर होते. लपवण्यासारखं तिच्या लेखी काही नव्हतंच. तिनं कागद दिला होता.

तासाभरात त्यांच्या व्यवस्थापकानं आक्षेप नोंदवला. मैदानाच्या मागे प्लास्टिकच्या टेबलाशी तीन अधिकारी बसले. तिला बोलावलं, मला बोलावलं. फॉर्म पुढे ठेवला.

“ही सही तुझी?”

“हो, सर.”

“शिक्षणात खंड आहे?”

“हो, सर. दोन वरसं.”

“मग इथे ‘नाही’ असं का?”

तिनं फॉर्म पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. वर्गात फळ्यावरचं दिसलं नाही की मुलं शेजाऱ्याकडे बघतात, तसं.

अधिकारी मला म्हणाले, “सर, तुमचं काय म्हणणं?”

मी म्हणालो, “मुलींना सर्व सूचना दिलेल्या होत्या.”

हे माझं वाक्य. शब्द न् शब्द असंच. त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. सूचना दिल्या होत्याच: वेळेवर या, नखं कापा, पाण्याची बाटली आणा. एकोणतीस वर्षं अहवाल लिहून माणसाला अशी वाक्यं सुचायला लागतात. त्यात कर्ता नसतो आणि पकडायला शेपूट नसतं.

खोटी माहिती दिल्याबद्दल तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. आमचे सगळे निकाल रद्द झाले. विभागाचं विजेतेपदसुद्धा. दुपारी दुसराच संघ अंतिम सामना खेळला आणि आम्ही शिवाजीनगरला बसची वाट बघत उभे राहिलो. मुली तिच्यापासून दोन हात लांब उभ्या होत्या. कॅप्टन एकदाच बोलली, “सांगायचं तरी व्हतं ना गं आम्हाला.” मी तिकिटं मोजत होतो. अकरा तिकिटं मी चार वेळा मोजली.

कॉलेजनं तिच्या नोंदीत ‘गैरवर्तन’ असा शेरा मारला. खेळाडू म्हणून मिळालेली वसतिगृहातली जागा गेली आणि ती गावी परतली. मला वाटलं होतं, पुरस्कार रद्द होईल. झाला नाही. अध्यक्ष समारंभात म्हणाले की एका विद्यार्थिनीच्या लबाडीनं सरांच्या तपश्चर्येला गालबोट लागलं, पण सरांचा कारभार आरशासारखा स्वच्छ आहे. टाळ्या झाल्या. मी शाल घेतली, वाकून नमस्कार केला. त्याच संध्याकाळी खण रिकामा करताना प्रतिज्ञापत्र सापडलं. ते फाडायचीही हिंमत नव्हती, द्यायचीही नव्हती. घरी आणून विम्याच्या कागदांत ठेवलं.

गेल्या महिन्यात कॅप्टनचा सटाण्याहून फोन आला. लग्न होऊन दोन मुलं झालीत, तोंड तसंच आहे.

“सर, पेठवालीसाठी फोन केला. ती आश्रमशाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका शे. आता कायमची जागा निघाली. पण कॉलेज वर्तणुकीचा दाखला देत नाही. तो जुना शेरा शे ना. तुम्ही प्राचार्यांना सांगा. पोरगी होती, चुकली एकदा. तिला जन्मभर शिक्षा कशाला?”

“चुकली,” मी म्हणालो.

“आता चुकली तर चुकली, सर. तुम्ही मन मोठं करा.”

माझ्या अपराधाबद्दल मी तिला माफ करावं, अशी कॅप्टन मला विनवणी करत होती. मी “बघतो” म्हणून फोन ठेवला. बायकोनं विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “इतकी वर्षं ती शाल मी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपली होय!”

दुसऱ्या दिवशी मी पेठची एसटी पकडली. तिथून जीपनं आश्रमशाळेत. पाण्याच्या टाकीच्या खांबाला रिंग ठोकली होती आणि दहा-बारा मुली खेळत होत्या. ती शिट्टी घेऊन मध्ये. मला ओळखून तिनं एका मुलीकरवी खुर्ची पाठवली आणि सराव संपेपर्यंत वीस मिनिटं आली नाही. मी उन्हात बसलो.

आल्यावर मी घाईघाईनं सांगायला लागलो, की तो रकाना मी...

“माहीत हाय, सर.”

“काय माहीत आहे?”

“अक्षर तुमचं हाय ते. तुमच्या नोटिसा रोज वाचायचे ना मी.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“त्यांनी विचारलं सही कोणाची. माझीच होती. पुढं कोणी विचारलंच नाय. आणि तुम्ही होता ना तिथं. मला वाटलं, सर बोलतील.”

मी विचारू नये ते विचारलं. “किती वेळ वाटलं?”

तिनं खरंच विचार केला. “बस नाशिकला पोचेपर्यंत.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “ते राहू द्या, सर. अर्जाची मुदत महिनाअखेरची हाय. तुम्ही लिहून द्याल का?”

मी लिहून दिलं. विद्यापीठाला आणि कॉलेजला, मूळ प्रतिज्ञापत्रासह. प्राचार्य आता नवे आहेत. ते हळहळले. म्हणाले, “सर, या वयात कशाला? तिचं काहीतरी करू आपण. शेरा गुपचूप काढून टाकू.” मी म्हणालो, गुपचूप मारला नव्हता.

विद्यापीठात सुनावणी झाली. टेबल यावेळी लाकडी होतं आणि पलीकडच्या तिघांतला एक माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं माझ्यासाठी उठून पाणी आणलं. मग फार मायेनं म्हणाला, “सर, आपण असं लिहूया का, की कार्यालयीन गडबडीत अनवधानानं नोंद चुकली? म्हणजे तुमचंही राहील आणि तिचंही होईल.”

किती सुंदर वाक्य होतं! कर्ता नाही, शेपूट नाही. माझ्याच हाताखाली शिकलेला होता.

“अनवधानानं नाही,” मी म्हणालो. “तिनं मला सांगितलं होतं. कागद दिला होता. पुण्याला यायचा कंटाळा म्हणून मी ‘नाही’ लिहिलं. आणि इथे तिला विचारलं तेव्हा मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. असं लिहा.”

लिहिणारा माणूस दोनदा थांबला. “कंटाळा, असंच लिहू?”

“असंच.”

आठ दिवसांनी पत्र आलं. तिच्यावरचा ठपका काढला होता. संघाचे निकाल मात्र बदलणार नव्हते, कारण फॉर्म कोणीही भरलेला असो, चुकीचा होताच. त्या मुली कागदावर हरलेल्याही नाहीत आणि जिंकलेल्याही नाहीत. माझ्यावर काय कारवाई करायची याबद्दल पत्रात लिहिलं होतं की संबंधित निवृत्त असल्याने प्रश्न उद्भवत नाही.

कॉलेजनं दाखला दिला तो मुदतीच्या दोन दिवस आधी. नेऊन देण्याची माझी इच्छा होती, पण तिनं कॅप्टनलाच पाठवलं. कॅप्टन नाशिकला आली, दाखला घेतला. घर माझं रस्त्यातच आहे. ती आली नाही.

मी पेठला फोन लावला.

“दाखला मिळाला का?”

“मिळाला, सर. अर्ज गेला आज.”

“बरं झालं. मला म्हणायचं होतं...”

मागे मुलींचा कालवा चालला होता. कोणीतरी ‘बाई, बाई’ ओरडत होतं.

“सर, ठेवते,” ती म्हणाली. “पोरी थांबल्यात.”